औषधांची गंगाजळी

१९ जुलै २०१९ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राजपत्रात एक अधिसूचना काढली. कोलिस्टिन नावाचे प्रतिजैविक आणि त्यापासून केलेली औषधे अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्यातील पूरके यांच्यासाठी तयार करण्यास, विकण्यास आणि वितरित करण्यास मनाई करण्यात येत आहे, असा तिचा आशय. माणसांसाठी बनणाऱ्या या औषधावरही ते जनावरांना व कोंबड्यांना वापरू नये अशा अर्थाची सूचना छापणे सक्तीचे झाले. बँकेच्या नोकरीत बत्तीस वर्षे मी अशीच परिपत्रके वाचत आलो. त्या वाचनातून एक खोड लागली आहे. मनाईची यादी जितकी लांब, तितकी ती गोष्ट आधी राजरोस चालू होती, असे मी समजतो. इथे यादी चांगलीच लांब होती.

कोलिस्टिन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले नसेल, आणि ऐकण्याची वेळ न आलेलीच बरी. सर्दी-तापाला किंवा घसा धरला म्हणून हे औषध कोणी देत नाही. रुग्ण अतिदक्षता विभागात आहे, नळीवाटे श्वास चालू आहे, रक्तात जंतू पसरले आहेत आणि एकामागून एक महागडी प्रतिजैविके हरली आहेत, अशा वेळी डॉक्टर ज्या कपाटाकडे वळतात त्यातले हे औषध. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट पाडले. पहिला सहज मिळावीत अशा औषधांचा, दुसरा ज्यांच्या वापरावर नजर ठेवावी अशांचा आणि तिसरा 'रिझर्व्ह', म्हणजे राखीव. कोलिस्टिन या तिसऱ्या गटात आहे.

राखीव म्हटले की बँकवाल्याचे कान टवकारतात. दरवर्षी नफ्यातला ठरावीक हिस्सा कायद्याने राखीव निधीत टाकावाच लागतो, आणि भागधारकांनी कितीही आरडाओरडा केला तरी तो लाभांश म्हणून वाटता येत नाही. मराठीत याला गंगाजळी असा सुंदर शब्द आहे. औषधांच्या या गंगाजळीतून कोंबड्यांचे खाद्य भागवले जात होते, हे वाचून मी थक्क झालो आणि मग या औषधाच्या मागेच लागलो. पुढचे सगळे त्या वाचनातले, आणि थोडे डोळ्यांनी पाहिलेले.

कोलिस्टिनचा जन्म जपानचा. १९४९ च्या सुमारास कोयामा या शास्त्रज्ञाला मातीत राहणाऱ्या एका जिवाणूपासून हे द्रव्य मिळाले. पन्नाशीच्या दशकात ते युरोपात आणि जपानमध्ये रुग्णांना दिले जाऊ लागले, १९५९ मध्ये अमेरिकेतही आले. औषध जालीम होते. पण रुग्णांची मूत्रपिंडे बिघडू लागली. सत्तरीच्या दशकात त्याहून निर्धोक वाटणारी प्रतिजैविके हाताशी आल्यावर डॉक्टरांनी कोलिस्टिनला रामराम ठोकला. कानात घालायचे थेंब, फुप्फुसाच्या एका आनुवंशिक विकारात द्यायची वाफ, एवढ्यापुरते ते माणसांत उरले. गोठ्यांत आणि खुराड्यांत मात्र त्याचा मुक्काम हलला नाही.

ते काम कसे करते, हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. जिवाणूंची एक मोठी जमात अशी आहे की तिच्या अंगावर नेहमीच्या आवरणाखेरीज आणखी एक स्निग्ध आवरण असते, अंगरख्यावर शाल पांघरावी तसे. ई-कोलाय, क्लेबसिएला, स्युडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर ही त्या जमातीतली रुग्णालयांना छळणारी मंडळी. या शालीचे धागे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कणांनी एकत्र धरून ठेवलेले असतात. कोलिस्टिनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो आणि त्याला एक स्निग्ध शेपटीही असते. तो त्या कणांना हुसकावून त्यांची जागा घेतो, शेपटी आत खुपसतो आणि आवरण उसवते. खरकट्या भांड्यावरचे तूप साबणाने सुटावे, तसाच हा प्रकार. ज्या जिवाणूंच्या अंगावर ही शालच नाही, त्यांच्यावर कोलिस्टिनचा काही उपयोग होत नाही.

आता खरी गंमत. गंमत म्हणायचे, पण तिच्यात माणसे दगावू शकतात. शिरेतून जे टोचतात ते कोलिस्टिन नसतेच. शरीराला कमी त्रास व्हावा म्हणून त्याचे एक निष्क्रिय रूप, कोलिस्टिमेथेट सोडियम, बाटलीत भरलेले असते. ते रक्तात गेल्यावर हळूहळू फुटते आणि त्यातून खरे कोलिस्टिन बाहेर पडते. आमच्या भाषेत सांगायचे तर रुग्णाला रोकड मिळत नाही, चेक मिळतो. आणि तो वटायला वेळ लागतो. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर ती यातले बरेचसे चेक वटण्यापूर्वीच लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थकलेली असतील तर ते अंगात जास्त वेळ रेंगाळतात आणि जास्त वटतात. म्हणजे एकाच वजनाच्या दोन माणसांना एकच मात्रा दिली, तरी एकाच्या रक्तात औषध अपुरे आणि दुसऱ्याच्या रक्तात घातक, असे होऊ शकते.

मूत्रपिंडांचे नाते एवढ्यावर संपत नाही. तयार झालेले कोलिस्टिन मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांमध्ये गाळून येते, पण तिथल्या पेशी ते परत आत ओढून घेतात. ते त्यांच्यातच साठते आणि त्यांनाच मारते. वेळीच औषध थांबवले तर बहुधा मूत्रपिंडे सावरतात. पण वेळीच म्हणजे कधी? रक्तात लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम कोलिस्टिन राहावे, असे तज्ज्ञ सांगतात. त्याखाली जंतू मरण्याची खात्री नाही, आणि अडीचच्या आसपास गेले की मूत्रपिंडांचा धोका झपाट्याने वाढतो. दोन आणि अडीच यांच्यामधल्या या बोळातून रुग्णाला न्यायचे असते.

हे सारे शहाणपण अलीकडचे आहे. औषध बाजारात आले तेव्हा औषधाचा शरीरातला प्रवास मोजून दाखवण्याची आजच्यासारखी सक्ती नव्हती. शिवाय मोजण्याची तेव्हाची रीतच अशी होती की तपासणी चालू असतानाच काही चेक वटायचे, त्यामुळे रोकड किती आणि कागद किती हे कळायचे नाही. ऑस्ट्रेलियातील जियान ली आणि रॉजर नेशन यांनी, पुढे मोनाश विद्यापीठात, ही दोन रूपे वेगवेगळी मोजण्याच्या कामाला वाहून घेतले. २००९ मध्ये ग्रीसमधल्या अतिदक्षता विभागांतील रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की नेहमीच्या मात्रेने सुरुवात केली, तर रक्तात पुरेसे कोलिस्टिन जमायला दोन-दोन दिवस लागतात. रक्तात विष भिनलेल्या माणसाकडे दोन दिवस नसतात. तेव्हापासून पहिली मात्रा एकदम मोठी, ९० लाख युनिटांची द्यायची पद्धत रुळली. औषध पन्नास वर्षांचे झाल्यावर त्याची पहिली मात्रा ठरली!

आणि ही युनिटे. परकीय चलनाच्या टेबलावर काम केलेल्या कोणाही कारकुनाला घाम फुटेल असा हा हिशेब आहे. युरोपात आणि आपल्याकडे मात्रा आंतरराष्ट्रीय युनिटांत लिहितात. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ती मिलिग्रॅममध्ये, आणि तीही वटलेल्या कोलिस्टिनच्या मिलिग्रॅममध्ये. बाटलीतल्या निष्क्रिय पुडीचे वजन हे तिसरे चलन. दहा लाख युनिटे म्हणजे पुडीचे सुमारे ८० मिलिग्रॅम आणि खऱ्या कोलिस्टिनचे सुमारे ३३ मिलिग्रॅम. एकाने अमेरिकन पुस्तकातून मिलिग्रॅम उचलले आणि दुसऱ्याने ते पुडीचे समजून टोचले, तर रुग्णाला निम्म्याहून कमी औषध मिळते. उलट झाले तर जवळजवळ अडीचपट. २०११ मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांना या घोळाबद्दल खास इशारा द्यावा लागला. रुपया आणि डॉलर यांच्यात अशी गल्लत झाली असती तर दुसऱ्या दिवशी लेखापरीक्षक दारात उभे राहिले असते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यांच्या निमित्ताने हे सगळे मला जवळून पाहायला मिळाले. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते यंत्रावर गेले. अकराव्या दिवशी अतिदक्षता विभागातल्या तरुण डॉक्टरबाईंनी आम्हाला बाजूच्या खोलीत बोलावले. वयाने माझ्या मुलीहून लहान. कागदावर आकृती काढून त्या म्हणाल्या, "काका, आता कोलिस्टिन सुरू करतोय. जंतूंवर चालेल असं रिपोर्ट सांगतोय. पण किडनीवर परिणाम होऊ शकतो, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते."

मी विचारले, "डॉक्टर, दुसरं काहीच नाही का?"

"असतं तर हे दिलं नसतं," त्या म्हणाल्या.

नंतरचे नऊ दिवस बहीण रोज संध्याकाळी एकच आकडा विचारायची, क्रिएटिनिनचा. १.१ पासून निघालेला आकडा २.९ पर्यंत चढला. दर दिवशी मात्रा नव्याने मोजली जात होती. मेहुणे वाचले, मूत्रपिंडेही दीड-दोन महिन्यांत पूर्वपदावर आली. त्याच विभागात दोन खाटा पलीकडे मोटारसायकलच्या अपघातात सापडलेला एक पंचविशीतला मुलगा होता. त्याच्या अहवालात कोलिस्टिनपुढेही 'रेझिस्टंट' असे छापून आले. त्याचे वडील बाकावर माझ्या शेजारी बसायचे. तो शब्द त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितला आणि त्याचा अर्थ विचारला. मी अर्थ सांगितला. आणखी काय सांगणार होतो?

टाकून दिलेल्या औषधाला परत बोलावण्याची पाळी का आली, याचे उत्तर आपल्या देशाशी फार जवळून निगडित आहे. ऐंशीच्या दशकापासून कार्बापेनेम नावाचा प्रतिजैविकांचा एक गट डॉक्टरांचा भरवशाचा आधार होता. आपल्या बिलांवर दिसणारे मेरोपेनेम त्यातलेच. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या शरीरात २००८ मध्ये असा जिवाणू सापडला, ज्याच्याजवळ हा गट नासवणारे विकर होते. त्याला नाव पडले 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', थोडक्यात एनडीएम-१. ऑगस्ट २०१० मध्ये त्यावरचा मोठा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्याकडे केवढे रण माजले होते! राजधानीची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध पाश्चात्त्यांचा कट, सगळे बोलून झाले. नावाबद्दलचा राग मला समजतो. पण भांडण नावावर अडकले आणि जंतू पुढे निघून गेला. कार्बापेनेम हरू लागल्यावर उरलेल्या मोजक्या औषधांत हे जुने कोलिस्टिन होते.

गंगाजळीला खालून गळती आहे, हे त्यानंतर पाच वर्षांनी कळले. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात एमसीआर-१ नावाच्या जनुकाची माहिती दिली. शांघायमधल्या एका वराहपालन केंद्रातील डुकराच्या ई-कोलायमध्ये ते प्रथम दिसले. हे जनुक जिवाणूच्या आवरणावरचा विद्युतभार बदलते, त्यामुळे कोलिस्टिनला तिथे चिकटायला जागाच उरत नाही. मग त्यांनी शोधाशोध केली. कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये, कत्तलखान्यातल्या ८०४ जनावरांपैकी १६६ मध्ये आणि रुग्णालयातल्या १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांमध्ये ते निघाले. जनावरांत पाचापैकी एक, माणसांत शंभरात एक. वाहण्याची दिशा कोणती असेल, ते या आकड्यांवरून दिसतेच.

एमसीआर-१ ची भीती वाटली ती त्याच्या बैठकीमुळे. कोलिस्टिनला दाद न देणारे जिवाणू आधीही होते, पण तो गुण त्यांच्या मूळ गुणसूत्रात असे आणि बापाकडून लेकराकडे जाई. एमसीआर-१ प्लाझ्मिड नावाच्या सुट्या कड्यावर बसलेले असते. हे कडे एक जिवाणू शेजारच्या, प्रसंगी परक्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. बेअरर चेकसारखे, ज्याच्या हाती त्याचे.

इथे कोंबड्यांकडे वळले पाहिजे. नाशिक जिल्ह्यात शाखाधिकारी असताना मी पोल्ट्रीची बरीच कर्जे मंजूर केली. शेड, एक दिवसाची पिल्ले, खाद्य, मरतूक, कोंबडीखताची विक्री, असा प्रकल्प अहवालाचा ठरलेला साचा असे. त्यात 'औषधे व टॉनिक' असा एकच रकाना आणि त्याच्यापुढे एकच रक्कम. बँकेच्या छापील फॉर्मला त्याहून अधिक काही नको असे. या धंद्यात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा. तेवढ्याच खाद्यात पक्ष्याने थोडे जास्त अंग धरले, मरतूक थोडी घटली, की नफा. नाहीतर हप्ता थकलाच. खाद्यात प्रतिजैविकाची चिमूट टाकल्याने वजन वाढते, हे जगभरच्या पशुपालकांना पन्नाशीच्या दशकापासून ठाऊक आहे. कोलिस्टिन तर त्यासाठी अगदी सोयीचे. ते आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही, आतड्यातच राहून तिथल्या जंतूंवर काम करते आणि स्वस्तही असते. पुढे कंत्राटी पद्धत आली. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याची शेड आणि राबणूक. पोत्यात काय आहे हे त्याला विचारून काय कळणार? त्या आतड्यांत तगून राहिलेले चिवट जंतू विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि खतातून शेतात जाऊ शकतात. मांस नीट शिजवले तर जंतू मरतात, पण ते कापणारा हात आणि पाट यांचे काय?

बंदीने काही साधते का? चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालण्यास मनाई केली. तिथले कोलिस्टिनचे उत्पादन २०१५ मध्ये २७,१७० टन होते. २०१८ मध्ये ते २,४९७ टनांवर आले. डुकरांमधील कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई-कोलायचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आणि कोंबड्यांमध्ये १८.१ वरून ५ टक्क्यांवर उतरले. दोन-तीन वर्षांत इतकी घट होईल, असे मला वाटले नव्हते. आपण बंदी घातली दोन वर्षांनी, आणि ती चीनपेक्षा व्यापक आहे, कारण आजारी कोंबडीच्या उपचारासाठीही हे औषध चालणार नाही. कागदावर आपला कायदा कडक आहे. तो खाद्याच्या पोत्यापर्यंत पोचवायचे काम राज्यांच्या औषध निरीक्षकांवर आहे, आणि निरीक्षकांची संख्या व त्यांच्या वाट्याची दुकाने यांचे गणित कोणत्याही जिल्ह्यात जमण्यासारखे नाही.

मात्र सगळे पाप कोंबड्यांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. भारतातल्या रुग्णालयांत क्लेबसिएला जेव्हा कोलिस्टिनला दाद देत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण एमसीआर नसते. तिच्या स्वतःच्या गुणसूत्रातला एक दुवा तुटलेला असतो. औषधाच्या माऱ्यात तगलेल्या जंतूंतून अशी बिघडलेली जात निवडली जाते, मग एका खाटेवरून दुसरीकडे हातांवरून, नळ्यांवरून फिरते. ही गळती आपल्या घरातली आहे. आणखी एक सवय पाहा. कोलिस्टिनच्या जोडीला मेरोपेनेमही देण्याचा रिवाज आहे, दोन हत्यारे बरी म्हणून. २०१८ मध्ये इस्रायल, ग्रीस आणि इटलीतल्या ४०६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जंतूंपुढे जोडीचा फायदा एकट्या कोलिस्टिनपेक्षा अधिक दिसला नाही. हे रुग्ण बहुतांशी ॲसिनेटोबॅक्टरचे होते, त्यामुळे तो निकाल सर्वांना जसाच्या तसा लावू नये. पण विचार करायला लावणारा नक्कीच आहे.

प्रयोगशाळेतही कोलिस्टिन सरळ वागत नाही. औषध भिजवलेली चकती जंतूंच्या थरावर ठेवून भोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजायचे, ही नेहमीची स्वस्त चाचणी. कोलिस्टिनचा रेणू मोठा असल्याने तो त्या थरात नीट पसरत नाही आणि निकाल फसवा येतो. द्रवातली मोजून केलेली चाचणी खरी, पण ती वेळखाऊ आहे आणि लहान गावात सहसा होत नाही. अमेरिकेतील प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने तर २०२० पासून कोलिस्टिनपुढचा 'ससेप्टिबल', म्हणजे औषध लागू पडेल, हा शेराच काढून टाकला. आता दोनच शेरे उरले: मध्यम आणि निरुपयोगी.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. दोघे समोरासमोर आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. काही रुग्णालयांनी राखीव औषधांसाठी हेच सुरू केले आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरखेरीज संसर्गतज्ज्ञाची किंवा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची सही लागते. मला हे मंत्रालयातल्या आराखड्यांपेक्षा जास्त कामाचे वाटते. पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर २०२५ मध्ये. दरम्यान केरळने २०१८ मध्ये स्वतःचा आराखडा करून सर्व राज्यांत पहिला क्रमांक पटकावला.

नवी औषधे येत आहेत, हे खरे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टने सेफेपिम आणि झिडेबॅक्टम यांची जोडी तयार केली. एनडीएम असलेल्या जंतूंवरही ती चालते. २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या औषध नियामकाकडे परवानगीसाठी अर्ज केला. अभिमान वाटावा अशी गोष्ट. पण अशी औषधे स्वस्त नसतात आणि ती आधी मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत पोचतात. तालुक्याच्या गावी, दहा खाटांच्या दवाखान्यात, आणखी बरीच वर्षे कोलिस्टिनचीच बाटली फोडली जाईल, आणि कागदावर डॉक्टरांनी लिहिलेला आकडा मिलिग्रॅमचा आहे की युनिटांचा, हे रात्रपाळीच्या सिस्टरला एकटीने ठरवावे लागेल.